बर्फाचा नांगर

गेल्या पावसाळ्यांत एका इंग्रजी प्रवासवृत्ताचें मराठी भाषांतर करण्याचें काम माझ्याकडे आलें होतें. वृत्त कॅनडांतील हिवाळ्याचें. त्यामुळें त्यांत पानोपानीं बर्फ, आणि बर्फाच्या पाठोपाठ तो रस्त्यांवरून दूर करणारीं यंत्रें. इंग्रजींत ह्या यंत्रास ‘स्नो प्लाउ’ म्हणतात. स्नो म्हणजे हिम आणि प्लाउ म्हणजे नांगर, हें शाळेंतल्या पोरासहि ठाऊक. तेव्हां फारसा विचार न करितां मीं ‘हिमनांगर’ असा शब्द बनविला, आणि तो बरा साधला म्हणून मनांतल्या मनांत थोडा संतुष्टहि झालों. भाषांतराचीं कच्चीं पानें माझ्या एका वडीलधाऱ्या स्नेह्यांनीं वाचावयास नेलीं. सातारा जिल्ह्यांत त्यांची पिढीजाद शेती आहे. पानें परत आलीं तेव्हां एका वाक्याखालीं पेन्सिलीची ठळक रेघ होती. ‘पहाटे हिमनांगर येऊन रस्ता नांगरून गेला,’ असें तें वाक्य.

“अहो मास्तर,” ते म्हणाले, “रस्ता नांगरल्यावर त्यावरून गाडी जायची कशी?”

मी हंसलों, परंतु उत्तर देतां येईना. इंग्रजी वाचकास ह्या शब्दांत कांहींच खटकत नाहीं आणि मराठी शेतकऱ्यास तो पहिल्याच वाचनांत खटकतो, ह्याचें कारण काय? शब्दाचें भाषांतर चुकलें म्हणावें, तर कोणत्याहि कोशांत प्लाउ म्हणजे नांगर असेंच सांपडेल. मग चूक कोठें आहे? ह्या शंकेच्या पाठीमागें लागून जें हातीं आलें तें येथें मांडतों.

प्रथम मूळ इंग्रजी शब्दाकडे पाहूं. ‘प्लाउ’ हा शब्द इंग्रजांच्या अगदीं जुन्या भाषेंतला नव्हे. त्या भाषेंत नांगरास ‘सुल्ह’ असें दुसरेंच नांव होतें. ‘प्लोह’ हा शब्द आरंभीं दिसतो तो जमिनीच्या मोजमापाच्या अर्थानें: एका नांगरानें वर्षभरांत वाहतां येईल एवढी जमीन. आपल्याकडेहि प्राचीन ताम्रपटांत ‘हल’ हें मापाचें नांव येतेंच, तेव्हां ह्यांत आश्चर्य नाहीं. हा शब्द उत्तरेकडील नॉर्स लोकांच्या भाषेंतून आला, आणि त्यानें हळूहळू जुन्या सुल्हास शेतांतून हांकून दिलें. जर्मनांचा ‘फ्लुग’, डचांचा ‘प्लूख’, रशियनांचा ‘प्लुग’ हे सारे त्याचेच भाऊबंद. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत रोमन ग्रंथकार प्लिनी यानें आल्प्स पर्वताच्या परिसरांतील रेशिया प्रांतांत नांगरास दोन चाकें जोडण्याची नवी युक्ति निघाल्याची नोंद केली आहे व तिचें तेथलें नांव ‘प्लाउमोराति’ असें दिलें आहे. कित्येक पंडित ह्या नांवाच्या पूर्वार्धांत प्लाउ शब्दाचें मूळ पाहतात. सर्वांस तें मान्य नाहीं.

पण मूळ कोठलें हा प्रश्न आपल्या कामाचा नाहीं. कामाची गोष्ट ही, कीं एक जुनें नांव जाऊन नवें नांव आलें त्याचें कारण औतच नवें होतें. युरोपांत नांगराचे दोन वंश आहेत. एक अतिप्राचीन: टोंकदार फाळ जमिनींत घालून ती केवळ चिरणारा. दुसरा उत्तरेकडील जड, ओल्या जमिनींत रूढ झालेला: फाळाच्या पाठीमागें एक तिरपी, वळणदार फळी असते, फाळानें कापलेला मातीचा पट्टा तिच्या अंगावरून चढतो आणि उलटा होऊन एका बाजूस पडतो. हे दोन वंश इतके निराळे, कीं अनेक भाषांनीं त्यांस निरनिराळीं नांवें ठेविलीं. फ्रेंच लोक पहिल्यास ‘आरेर’ आणि दुसऱ्यास ‘शारू’ म्हणतात. स्वीडनमध्यें पहिला ‘ओर्देर’ आणि दुसरा ‘प्लूग’. बर्फाच्या यंत्रास नांव देण्याची वेळ आली तेव्हां स्वीडिश लोकांनीं त्यास ‘स्नेप्लूग’ म्हटलें, आणि कॅनडांतील फ्रेंचांनीं ‘शारू’. ओर्देर किंवा आरेर कोणीं म्हटलें नाहीं.

आतां आपला नांगर ह्या दोहोंपैकीं कोणता? निःसंशय पहिला. बाभळीच्या लांकडाचा, एका फाळाचा आपला देशी नांगर माती चिरतो, भुसभुशीत करितो, आणि चिरलेली माती तासाच्या दोन्ही बाजूंस जेथल्या तेथेंच सोडून पुढें जातो. कोणतीहि वस्तु उचलून एका बाजूस टाकणें हा त्याचा धर्म नव्हे. नांवहि फार जुनें आहे. ऋग्वेदांत येणाऱ्या ‘लाङ्गल’ शब्दापासून तें आलें, आणि तो शब्द मुळांत आर्यांचा नसून ऑस्ट्रो-एशियाई कुळांतील लोकांपासून घेतलेला असावा, असें कित्येक भाषाशास्त्रज्ञांचें मत आहे. (गलबताचा नांगर हा अर्थातच निराळा, तो फारसी ‘लंगर’ शब्दावरून आला आणि योगायोगानें शेतांतल्या नांगराच्या शेजारीं येऊन बसला.) माझ्या स्नेह्यांच्या मनांत नांगर म्हटल्याबरोबर उभें राहणारें चित्र हें असें आहे: खालीं घुसणारें, खोल जाणारें, जमीन उकरणारें औत. इंग्रजाच्या मनांतील चित्र आहे आडवें सारणाऱ्या फळीचें. दोघांच्या कोशांत शब्द एकच, डोळ्यांपुढें वस्तु दोन. रस्ता नांगरला म्हणजे उखडला, असें त्यांस वाटलें ह्यांत त्यांची कांहीं चूक नव्हती.

माती पलटणारा नांगर आपल्याकडे आला तो विसाव्या शतकाच्या आरंभीं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं बेळगांवीं लोखंडी नांगर तयार केले तेव्हां लोखंडानें जमीन विषारी होईल अशी भीति शेतकऱ्यांत होती, आणि पहिले नांगर खपावयास दोन वर्षें लागलीं, ही हकीकत मराठी वाचकांस सुपरिचित आहे. पुढें तो नांगर घरोघरीं गेला. परंतु तोंवर ‘नांगरणें’ ह्या क्रियापदाचा अर्थ शेंकडों वर्षांच्या वहिवाटीनें पक्का झाला होता. औत बदललें तरी क्रियापद बदललें नाहीं.

असो. इंग्रजी जोडशब्द अमेरिकेंत १७९२ च्या सुमारास, न्यू हँपशर प्रांताच्या संदर्भांत आढळतो. त्या काळचें हें साधन म्हणजे दोन जाड फळ्या पुढच्या टोंकाशीं पाचरीसारख्या जोडून घोड्यांकडून ओढावयाच्या, एवढेंच. बर्फ फळ्यांच्या अंगावरून सरकून दोन्ही बाजूंस जाई. मातीचा पट्टा बाजूस टाकणाऱ्या औताची आठवण खेड्यांतील माणसास तेथें होणें अगदीं साहजिक होतें.

येथें एक गोष्ट लक्षांत घेतली पाहिजे. बर्फ पडला म्हणजे तो काढलाच पाहिजे, असें आज आपण समजतों. तेव्हांचे लोक तसें समजत नसत. उलट हिवाळा ही त्या प्रदेशांत वाहतुकीची उत्तम वेळ. चाकांच्या गाड्या घरीं ठेवून लोक घसरगाड्या जुंपीत, आणि चिखलांत व खांचखळग्यांत जीं ओझीं उन्हाळ्यांत हलत नसत तीं घट्ट बर्फावरून सहज जात. म्हणून न्यू इंग्लंडमधील कित्येक गांवें बर्फ काढण्याऐवजीं रस्त्यांवर मोठमोठे लांकडी रूळ फिरवून तो दाबून घट्ट करीत. बर्फ हाच रस्ता होता! शहरांची गोष्ट निराळी. १८६२ सालीं मिल्वॉकी शहरांत घोड्यांनीं ओढावयाच्या नांगराचा उपयोग झाल्याचें सांगतात, आणि पुढें इतर शहरांनीं तोच मार्ग धरला. पण लगेच तक्रारीहि सुरू झाल्या. नांगर रस्ता मोकळा करी आणि सारा बर्फ दुकानांच्या दारांत व पायवाटांवर रचून ठेवी. दुकानदार म्हणत, आमचें गिऱ्हाईक आंत येणार कसें? घसरगाडीवाले म्हणत, आमच्या पायांखालचा बर्फ नेला. बाजूस सारणें आणि नाहींसें करणें ह्या दोन क्रिया भिन्न आहेत, हें लोकांस नांगरानेंच शिकविलें. १८८८ च्या मार्च महिन्यांत न्यूयॉर्कवर मोठें हिमवादळ कोसळलें आणि शहर कित्येक दिवस ठप्प झालें. त्यानंतर ह्या कामाकडे नगरपालिका अधिक गंभीरपणें पाहूं लागल्या.

बर्फ आणि नांगर ह्यांचा आणखी एक संबंध आहे, आणि त्याचा धागा थेट मुंबईपर्यंत पोंचतो म्हणून थोडें विषयांतर करितों. एकोणिसाव्या शतकांत बोस्टनचा फ्रेडरिक ट्यूडर हा तेथल्या तळ्यांतला बर्फ जहाजांत भरून उष्ण देशांत विकीत असे. १८३३ सालीं त्याचें जहाज कलकत्त्यास पोंचलें. पुढें मुंबई आणि मद्रास येथेंहि हा बर्फ येऊं लागला. मद्रासची बर्फ सांठविण्याची इमारत निराळ्या उपयोगानें आजहि उभी आहे. तळें गोठलें म्हणजे प्रथम त्यावर पडलेला मऊ बर्फ घोड्यांच्या खरवडण्यांनीं खरवडून दूर करीत, आणि मग ट्यूडरचा सहकारी नॅथॅनिएल वायथ यानें १८२५ च्या सुमारास काढलेलें दांतेरी औत घोड्यांकडून ओढवून खालच्या घट्ट थरावर चौकोन पाडीत. ह्या औतासहि ‘आइस प्लाउ’ म्हणजे नांगरच म्हणत. म्हणजे ज्या काळीं मुंबईकर धनिक पाहुण्यांपुढें बर्फाचें पाणी ठेवीत होते त्या काळीं त्यांच्या पेल्यांतला खडा खरोखरच नांगराखालून आलेला होता. हा नांगर मात्र आपल्या नांगरासारखा. तो चिरीत असे, सारीत नसे. आपल्या भाषेंत पडणारा मऊ बर्फ आणि गोठलेला घट्ट बर्फ ह्यांस बोलण्यांत एकच शब्द, तोहि फारसी. कारण बहुतेकांस तो ठाऊक झाला तो आभाळांतून पडणारा नव्हे, वखारींतून येणारा.

आतां आगगाडीकडे वळूं. रुळांवर पडलेल्या बर्फासाठीं इंजिनाच्या पुढें पाचरीच्या आकाराचें प्रचंड लोखंडी नाक बसवीत, आणि पाठीमागून अनेक इंजिनें लावून तें बर्फाच्या ढिगांत वेगानें घुसवीत. ढीग उथळ असे तोंवर हें साधे. दोन टेकड्यांमधील खिंडींत वीस-वीस फूट बर्फ साचला म्हणजे मात्र सारावयास बाजूच उरत नसे. नाक रुतून बसे, कित्येकदां गाडी रुळांवरून उतरे. येथें नांगराची कल्पना थकली. बर्फ आडवा सारतां येत नसेल तर तो उचलून दूर फेंकला पाहिजे, हा विचार तीन निरनिराळ्या कॅनेडियन माणसांस सुचला. आणि त्यांनीं आपापल्या यंत्रास दिलेलीं नांवें पाहण्याजोगीं आहेत. टोरोंटोचा जे. डब्ल्यू. एलियट हा धंद्यानें दंतवैद्य. त्यानें १८६९ सालीं आपल्या यंत्राचें पेटंट घेतलें तें ‘संयुक्त फिरतें हिमफावडें’ ह्या नांवानें. न्यू ब्रन्स्विक प्रांतांतील डलहौझीचा रॉबर्ट कार हॅरिस यानें १८७० सालीं पेटंट घेतलेल्या यंत्राचें नांव ‘रेल्वेचें मळसूत्री हिमखनित्र’. ऑरेंजव्हिलचा ऑरेंज जल हा गिरणीचा मालक. त्यानें फिरतें यंत्र योजिलें आणि तें बांधण्याचें काम त्याच गांवच्या लेस्ली बंधूंकडे दिलें. १८८३-८४ च्या हिवाळ्यांत टोरोंटोजवळ त्याची परीक्षा झाली. पुढें हक्क लेस्ली बंधूंकडे गेले, सुधारणा झाल्या, आणि हीं यंत्रें अमेरिकेंतल्या कारखान्यांत तयार होऊं लागलीं.

ह्या यंत्रांत नांगराचें काय होतें? पुढच्या बाजूस नऊ ते बारा फूट व्यासाचें पात्यांचें उभें चाक. एका डब्यांत बाष्पपात्र व इंजिन. तें केवळ हें चाक फिरवी. डबा स्वतः चालत नसे, त्यास पाठीमागून दुसरीं इंजिनें ढकलीत. चाकाचीं पातीं बर्फ कापीत, आणि त्याच्याच वेगानें तो वरच्या धुराड्यासारख्या तोंडांतून बाहेर फेंकला जाई. त्यांत फाळ नाहीं, सारणारी फळी नाहीं. फावडें आहे, पंखा आहे. एलियटनें ठेविलेलें नांव वस्तूस अधिक शोभणारें होतें. तरी तें कोणीं उचललें नाहीं. हॅरिसचें खनित्रहि पेटंटाच्या कागदांतच राहिलें. लोकांनीं ह्या चक्रास म्हटलें ‘रोटरी स्नो प्लाउ’, फिरता हिमनांगर! इतक्या अवधींत इंग्रजींत प्लाउ शब्दाचा शेताशीं असलेला संबंध सुटला होता आणि ‘बर्फ काढण्याचें साधन’ एवढाच अर्थ शिल्लक राहिला होता. दंतवैद्यानें डोळ्यांपुढच्या वस्तूकडे पाहून नांव ठेविलें. लोकांनीं वहिवाटीकडे पाहिलें, आणि वहिवाट जिंकली. भाषेच्या व्यवहारांत बहुधा असेंच होतें, आणि मला व्यक्तिशः दंतवैद्याबद्दल वाईट वाटतें.

क्वेबेक प्रांतांतील फ्रेंच भाषकांनीं मात्र वहिवाटीस इतकें जुमानलें नाहीं. युरोपांतील फ्रेंच लोक बर्फाच्या नांगरास ‘शास-नेझ’ म्हणजे ‘बर्फ हांकून लावणारा’ म्हणतात. हेंच नांव बर्फ उडवीत नेणाऱ्या सोसाट्याच्या वाऱ्यासहि होतें. क्वेबेकांत ‘शारू’ आहेच, पण त्याच्या जोडीस ‘ग्रात’ असाहि रोजच्या बोलण्यांतला शब्द आहे. त्याचा अर्थ खरवडणारी. हा शब्द मला फार नेमका वाटतो. मोटारीच्या पुढें बसविलेलें पातें खोल जात नाहीं, पृष्ठभागास लागून खरवडीत जातें. आपल्या अवजारांत त्याचें खरें नातें नांगराशीं नसून कुळवाशीं किंवा वखराशीं आहे: आडवी लोखंडी फास, वरवरचें तण व ढेंकळें खरवडून काढणारी. रस्ता कुळवला असें मीं लिहिलें असतें, तर माझ्या स्नेह्यांनीं कदाचित् पेन्सिल उचलली नसती.

आणि फेंकणाऱ्या यंत्रास तेथें म्हणतात ‘सूफ्लोझ’, म्हणजे फुंकणारी. (फ्रेंच रंगभूमीवर विसरलेल्या नटास आडून वाक्य पुरविणाऱ्या बाईसहि हेंच नांव. शब्दांस लाज नसते.) ह्या यंत्राचा जनक आर्थर सिकार हा १८७६ सालीं मॉन्ट्रियलजवळ एका शेतकरी कुटुंबांत जन्मला. हिवाळ्यांत शहरास दूध पोंचवावयाचें तर रस्ते बर्फानें बंद, ही त्या भागांतील गवळ्यांची नित्याची अडचण. १८९४ सालीं, अठरा वर्षांचा असतां, त्यानें एका शेतांत चाललेलें मळणीयंत्र पाहिलें. फिरत्या भागांनीं कणसें आंत ओढावीं आणि भुसा दूर फेंकावा, हें पाहून त्यास वाटलें, कीं बर्फाचेंहि असेंच करतां येईल. ही कल्पना प्रत्यक्षांत यावयास इकतीस वर्षें गेलीं. १९२५ सालीं त्याचें पहिलें यंत्र मोटारीवर उभें राहिलें. बर्फ ओढून घेऊन तो तें नव्वद फुटांहून दूर फेंकी, अथवा शेजारीं उभ्या केलेल्या गाडींत भरी. ह्या दुसऱ्या सोयीमुळें दुकानदारांची साठ वर्षांची जुनी तक्रार संपण्याचा मार्ग मोकळा झाला. १९२७ सालीं औत्रमों नगरानें पहिलें यंत्र विकत घेतलें. सिकार १९४६ सालीं वारला. इंग्रजींतहि ह्या जातीच्या यंत्रास नांगर हें नांव टिकलें नाहीं. तेथें तो ‘स्नो ब्लोअर’ झाला.

नांगरापासून आरंभ झाला आणि मळणीपर्यंत आलों. बर्फाच्या ह्या साऱ्या खटाटोपांत एक शेतकऱ्याचें वर्षच फिरून आलें आहे; आणि तें साहजिकच, कारण नांवें ठेवणारे व यंत्रें रचणारे बहुतेक शेतांतून आलेले होते. शहरवासी मीच काय तो कोशांतून आलों.

हिंदुस्थानांतहि हें काम थोडें नाहीं. १९६० सालीं स्थापन झालेल्या सीमा मार्ग संघटनेचे लोक, ज्यांत मराठी माणसेंहि असतात, साडेअकरा हजार फूट उंचीवरील झोजी ला आणि तेरा हजार फुटांवरील रोहतांग ह्या खिंडींतून दरवर्षीं बर्फाच्या भिंती कापून वाट काढतात. तेथें यंत्रास ‘स्नो कटर’ म्हणतात, आणि हिंदी वृत्तपत्रेंहि तोच शब्द नागरींत छापतात. म्हणजे आपल्या देशांतील माणसास बर्फ सारण्याची वस्तु वाटली नाहीं, कापण्याची वाटली. दोहों बाजूंस माणसाच्या दुप्पट-तिप्पट उंचीच्या भिंती ज्यानें पाहिल्या त्यास असेंच वाटणार.

मीं भाषांतराचा दुसरा खर्डा केला. ‘हिमनांगर’ हा शब्द एके ठिकाणीं, घोड्यांच्या पाचरीच्या जुन्या वर्णनांत, तसाच ठेविला. मोटारीच्या पात्यास ‘बर्फाचा कुळव’ केलें, आणि ‘नांगरून गेला’ येथें ‘बर्फ खरवडून गेला’ असें लिहिलें. फुंकणाऱ्या यंत्रासाठीं ‘उफणणी’ शब्द योजून पानें पुन्हां साताऱ्यास पाठविलीं. परवां तीं परत आलीं. कुळवाच्या शेजारीं कांहीं खूण नाहीं. उफणणीखालीं मात्र पुन्हां रेघ आहे, आणि समासांत बारीक अक्षरांत प्रश्न: “उफणलें म्हणजे खालीं धान्य पडतें. ह्यांच्या खालीं काय पडतें?” तेवढी जागा मीं तूर्त कोरी ठेविली आहे.